साहेब आले, की ‘एस’ जातो

बाई, सप्रेम नमस्कार.
मी खानापूर तालुक्यातला. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग आयटीआय फिटर. आता बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत एका मशीनशॉपमध्ये क्वालिटीला आहे. फौंड्रीतनं कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, येतात, आमच्याकडं मशीनिंग होतं, मी बोअर (मोठं गोल भोक) आणि होल तपासतो. पुढच्या महिन्यात कस्टमरचं ऑडिट आहे. ऑडिटर चेन्नईचे, म्हणजे सगळं इंग्रजीतनं. साहेब म्हणाले, ‘तुझ्या स्टेशनचं तूच सांगायचंस.’ सिंपल प्रेझेंटचा तक्ता मला आजही पाठ आहे, ही-शी-इटला एस. पण लिहाय-बोलाय लागलं की गडबड होते. कधी एस सुटतो, कधी नको तिथं चिकटतो. ‘डज’ आला की तर काहीच कळंना होतंय. माझ्या कामाची थोडी वाक्यं सोबत पाठवतोय, बघून सांगा. दोस्त म्हणतात, मराठी मीडियमवाल्यांचं हे असंच असतंय. मी तुमच्या मुलाच्या वयाचा, अरे-तुरे केलंत तरी चालेल.
— खानापूर तालुक्यातला एक वाचक

तुझी वाक्यं वाचली. तक्ता तुला येतो, यात शंका नाही. ‘द ऑपरेटर लोड्स द कास्टिंग’ बरोबर लिहिलंस. ‘द हेल्पर क्लीन्स द फिक्स्चर’ बरोबर. ‘द मशीन स्टॉप्स’ बरोबर. मग लगेच खाली ‘अवर मॅनेजर चेक द रिपोर्ट’. त्याखाली ‘द ऑडिटर आस्क क्वेश्चन’. आणि स्वतःची ओळख करून देताना ‘माय फादर वर्क इन शुगर फॅक्टरी’.

आता ही वाक्यं एकाखाली एक ठेवून बघ. ऑपरेटर, हेल्पर आणि मशीन यांच्या क्रियापदाला एस आहे. मॅनेजर, ऑडिटर आणि वडील आले की तो गेला. ज्यांना तू अरे म्हणतोस त्यांचं इंग्रजी शुद्ध, आणि ज्यांना अहो म्हणतोस त्यांचंच नेमकं बिघडलेलं. हा योगायोग नाही.

मराठीत ऑपरेटर कास्टिंग चढवतो, हेल्पर फिक्स्चर पुसतो, पण साहेब रिपोर्ट बघतात आणि वडील कारखान्यात काम करतात. साहेब एक, वडील एक, क्रियापद मात्र अनेकवचनी. शाळेत याला आदरार्थी बहुवचन म्हणतात. तू इंग्रजी वाक्य जुळवतोस तेव्हा मनात आधी ‘साहेब बघतात’ उमटतं. ‘बघतात’ म्हणजे अनेक, अनेकांना एस नाही, म्हणून ‘चेक’. नियम तू चोख लावलास. माणसं मोजताना घोटाळा झाला. आणि आपल्या भागात यातून सुटका करणारी दुसरी भाषाही हाताशी नाही. कन्नडमध्ये मुलगा ‘होगुत्ताने’, पण वडील ‘होगुत्तारे’. घरात मराठी, बाजारात कन्नड, दोन्हीकडे वडील बहुवचनातच.

इंग्रजीत मान देण्याची जागा वेगळी आहे. तिथे ‘सर’ म्हणा, ‘मिस्टर’ लावा, ‘प्लीज’ म्हणा, पण क्रियापद मान ओळखत नाही. पंतप्रधान असोत, आजी असो, की गोठ्यातली म्हैस, एकच असेल तर एस. ‘माय फादर वर्क्स इन अ शुगर फॅक्टरी.’ ‘अवर मॅनेजर चेक्स द रिपोर्ट.’ पहिले काही दिवस ‘माय फादर वर्क्स’ म्हणताना वडिलांना एकेरी हाक मारल्यासारखं वाटेल. वाटू दे. इंग्रजांच्या वडिलांनाही ते हाच एस लावतात आणि कुणाचा अपमान होत नाही.

गंमत म्हणजे इंग्रजीतही आदरार्थी बहुवचन होतं, अजून आहे, फक्त एका शब्दात अडकून बसलंय. तो शब्द ‘यू’. पूर्वी एकाला ‘दाऊ’ म्हणत आणि अनेकांना ‘यू’. मग मोठ्या माणसाला एकटं असतानाही ‘यू’ म्हणायची रीत पडली, आपल्या ‘तुम्ही’सारखी. पुढे सगळेच सगळ्यांना ‘यू’ म्हणू लागले आणि ‘दाऊ’ रोजच्या बोलण्यातून गेला. म्हणून समोर एकच माणूस असला तरी ‘यू आर’, ‘यू चेक’. ते व्याकरणाने अनेकवचनच आहे. तेव्हा ऑडिटरशी थेट बोलताना ‘यू’ला एस नाही, आणि त्याच ऑडिटरविषयी दुसऱ्याला सांगताना ‘ही आस्क्स’. माणूस तोच, पण समोर आहे की पाठीमागे यावर क्रियापद बदलतं.

तेव्हा क्रियापद उच्चारण्याआधी मोजायचं. मान बाजूला ठेवायचा आणि डोकी मोजायची. मी स्वतः किंवा समोरचा सोडून कुणी एकटा, एकटी, एकटं असेल तर एस. ऑडिटर दोन आले तर तुझं क्रियापद बरोबर ठरेल, एस मात्र माणसांना लागेल: ‘द ऑडिटर्स आस्क क्वेश्चन्स.’ मोजण्यात फसवणारे थोडे शब्द आहेत, ते आत्ताच ओळखून ठेव. ‘एव्हरी ऑपरेटर’, ‘एव्हरीवन’, ‘नोबडी’ हे इंग्रजीला एकटे वाटतात: ‘एव्हरीवन वेअर्स सेफ्टी शूज.’ मराठीत आपण ‘सगळे घालतात’ म्हणतो म्हणून इथे हमखास चुकतं. ‘वन ऑफ द मशीन्स’ म्हणताना कानाला शेवटचं ‘मशीन्स’ ऐकू येतं, पण त्रास देणारं एकच आहे: ‘वन ऑफ द मशीन्स गिव्ह्ज ट्रबल.’ उलट ‘पीपल’ आणि ‘पोलीस’ दिसायला एक आणि असायला अनेक, म्हणून त्यांना एस नाही.

दुसरी चूक तुझ्या ‘आय’च्या वाक्यांत आहे. ‘आय ॲम चेक द बोअर.’ ‘आय ॲम फिल’ इथेही रोग तोच. तीन-चार ठिकाणी ‘आय’च्या पाठोपाठ ‘ॲम’ आपोआप आलाय. पहिलीपासून ‘आय ॲम अ बॉय’, ‘आय ॲम स्टडिंग इन…’ घोकून घेतलं की ‘आयॲम’ हा ‘मी’चाच प्रतिशब्द होऊन बसतो. तो नाही. ‘ॲम’ म्हणजे ‘आहे’. ‘मी क्वालिटी इन्स्पेक्टर आहे’ इथे तो हवा: ‘आय ॲम अ क्वालिटी इन्स्पेक्टर.’ ‘मी बोअर तपासतो’ यात ‘आहे’ कुठेच नाही, म्हणून ‘आय चेक द बोअर.’ एका वाक्याला एक क्रियापद पुरतं.

इथे आपल्या बोलीचाही हातभार आहे. पुण्याचा माणूस ‘मी रोज सहाला उठतो’ म्हणेल आणि आत्ता चाललेल्या कामाला ‘करतोय’ म्हणेल. आपल्याकडे, बेळगावपासून कोल्हापूरपर्यंत, रोजचं कामही ‘करतोय’मध्येच येतं. ‘मी रोज सहाला उठतोय की.’ ‘तो तिकडं ऊस लावतोय’ म्हणजे आत्ता शेतात आहे की दरवर्षी लावतो, हे ऐकणाऱ्याने संदर्भावरून ओळखायचं. आपल्याला ते कळतं, आपलं काही अडत नाही. पण हे ‘करतोय’ जसंच्या तसं इंग्रजीत गेलं की ‘आय ॲम चेकिंग’ होतं आणि ऑडिटरला वाटतं, हा आत्ताचं सांगतोय, रोजचं काय?

ऑडिटमध्ये हा फरक खरोखर महत्त्वाचा आहे. त्याने विचारलं ‘व्हॉट आर यू डूइंग?’ तर तो तुझ्या हातातल्या कामाविषयी बोलतोय. ‘आय ॲम मेझरिंग धिस बोअर’ म्हण. त्याने विचारलं ‘व्हॉट डू यू डू हिअर?’ तर त्याला तुझी नेहमीची पद्धत हवी आहे. ‘आय चेक द बोअर अँड द होल्स.’ ऑडिटर बहुतेक सगळं दुसऱ्या प्रकारचंच विचारणार, कारण एका तुकड्याशी त्याला देणंघेणं नाही. रोज, प्रत्येक शिफ्टला, कुणीही उभा असला तरी काय होतं, ते त्याला ऐकायचंय. साधा वर्तमानकाळ त्यासाठीच आहे. नावात ‘वर्तमान’ असला तरी ‘आत्ता या क्षणी’शी त्याचं नातं कमीच. कणकुंबीला मलप्रभा उगम पावते आणि कुडलसंगमला कृष्णेला मिळते; ती काल मिळाली, उद्याही मिळेल, तरी इंग्रजीत ‘द मलप्रभा राइजेस ॲट कणकुंबी अँड जॉइन्स द कृष्णा.’ बस किती वाजता सुटते, दुकान कधी उघडतं, तुमची शिफ्ट कधी बदलते, हे सगळं याच काळात.

याच्याच जोडीला एक छोटं. जाणणं, समजणं, हवं असणं, आवडणं, जवळ असणं या गोष्टी आपण करत बसत नाही, त्या असतात. म्हणून ‘आय ॲम नोइंग कन्नडा’ नको, ‘आय नो कन्नडा’. ‘वी आर हॅविंग टू बोअर गेजेस’ नको, ‘वी हॅव टू बोअर गेजेस’. हे ‘हॅविंग’ साऱ्या भारतात इतकं रुळलंय की चेन्नईचे पाहुणेही कदाचित म्हणतील. त्यांनी म्हटलं म्हणून तू म्हणू नकोस.

आता ‘डज’. तू लिहिलंस ‘द मशीन डज नॉट स्टॉप्स’, आणि मग खोडून ‘द मशीन डू नॉट स्टॉप्स’ केलंस, आणि शेवटी बाजूला प्रश्नचिन्ह काढलंस. ते प्रश्नचिन्ह मला आवडलं. शाळेत हा भाग ‘डज आला की एस काढा’ एवढ्या हुकमावर उरकतात, कारण कुणी सांगत नाही.

कारण असं. साध्या वर्तमानकाळातल्या प्रत्येक क्रियापदाच्या पोटात एक ‘डू’ लपलेला असतो. एरवी तो दिसत नाही. पण साहेबांनी संशयाने विचारलं, ‘तपासतोस ना रे नक्की?’, तर तू म्हणशील, ‘तपासतोच साहेब!’ तो ‘च’ इंग्रजीत आणायचा तर ‘आय डू चेक, सर.’ लपलेला ‘डू’ वर आला. ऑपरेटरविषयी तेच म्हणायचं तर ‘ही डज चेक.’ ‘चेक्स’मधला एस कुठे गेला बघ: वर आलेल्या ‘डू’ने तो आपल्याकडे घेतला आणि स्वतः ‘डज’ झाला. मागे राहिलेलं ‘चेक’ मोकळं. नकार आणि प्रश्न या दोन कामांना इंग्रजीला हा ‘डू’ वर लागतोच. तिथेही हेच घडतं. एस एकच आहे, आणि तो पुढच्याकडे जातो.

तुझ्या टेबलावर याचं उत्तम उदाहरण पडलेलं असतं. प्लग गेज, होलचं माप तपासायचं दोन टोकांचं साधन. त्याची ‘गो’ बाजू होलमध्ये गेली पाहिजे, ‘नो-गो’ बाजू जाता कामा नये. हे इंग्रजीत म्हण: ‘द गो एंड गोज इन. द नो-गो एंड डज नॉट गो इन.’ पहिल्या वाक्यात ‘गोज’, दुसऱ्यात ‘डज’ आणि नुसता ‘गो’. आता प्रश्न कर: ‘डज द गो एंड गो इन?’ ‘येस, इट डज.’ ‘डज द नो-गो एंड गो इन?’ ‘नो, इट डझन्ट.’ गेज हातात धरून, होलमध्ये घालून-काढून ही वाक्यं मोठ्याने म्हण. शेजारचा हसेल, हसू दे. साध्या वर्तमानकाळाचं होकारार्थी, नकारार्थी आणि प्रश्नार्थी रूप तिघंही त्या एका गेजमध्ये आहेत, आणि शाळेच्या तक्त्यात ‘आय ईट मँगो, ही ईट्स मँगो’ म्हणून ते कधी अंगात भिनलं नसतं.

माणसं अनेक असली, किंवा मी-तू असलो, तर एस मुळातच नाही, म्हणून ‘डू’ तसाच राहतो: ‘वी डोन्ट यूज अ डॅमेज्ड गेज.’ ‘हॅज’लाही हाच न्याय: ‘ही हॅज अ गेज’, पण ‘ही डज नॉट हॅव अ गेज’. मात्र ‘इज’, ‘ॲम’, ‘आर’ आणि ‘कॅन’, ‘मस्ट’, ‘विल’ यांना ‘डू’ची गरज पडत नाही, ते स्वतःच प्रश्न विचारतात आणि नकार देतात: ‘इज द गेज ओके?’ ‘ही कॅन रीड द ड्रॉइंग.’ ‘कॅन’च्या मागे ‘रीड्स’ कधीच नाही. आणि ‘कोण’ विचारताना, तो ‘कोण’च काम करणारा असेल, तर ‘डज’ येत नाही: ‘हू चेक्स द फर्स्ट पीस?’ हा प्रश्न तुला नक्की येणार. उत्तरही तयार ठेव: ‘आय डू.’ संपलं, एवढंच उत्तर.

‘व्हॉट डू यू डू?’ मध्ये दोन ‘डू’ बघून घाबरायचं नाही. पहिला वर आलेला आहे, दुसरा म्हणजे खरंच ‘करणं’. ‘व्हॉट डज धिस मशीन डू?’ मध्येही तसंच.

स्पेलिंगचं मी थोडक्यात सांगते, कारण ते पाठ करण्यासारखं आहे आणि तू पाठ करू शकतोस. शिफ्ट रजिस्टरमध्ये लिहिताना बहुतेकांना नुसता एस. शब्दाच्या शेवटी स, श, च, क्स, झ असा आवाज असेल तर ईएस: पास, पॉलिश, मॅच, फिक्स. ‘गो’ आणि ‘डू’लाही ईएस. शेवटी वाय असून त्याच्या आधी व्यंजन असेल तर वाय जाऊन आयईएस, जसं ‘कॅरी’ आणि ‘ट्राय’ला, आधी स्वर असेल तर वायला हात लावायचा नाही, जसं ‘प्ले’ आणि ‘बाय’ला. ‘हॅव’चा ‘हॅज’. एवढंच.

उच्चाराला मात्र जास्त वेळ दे, कारण तुझा एस लिहिताना असतो आणि बोलताना गायब होतो, अशी मला दाट शंका आहे. मराठी शब्द ‘क्स’, ‘ट्स’, ‘प्स’ अशा जोडीने सहसा संपत नाहीत. म्हणून ‘चेक्स’, ‘कट्स’, ‘स्टॉप्स’ म्हणताना आपली जीभ शेवटचा स गिळते आणि ऐकणाऱ्याला वाटतं व्याकरण कच्चं आहे. यावर एक जुना उपाय: पुढचा शब्द स्वराने सुरू होत असेल तर स त्याला जोडून दे. ‘चेक्स इट’ हे ‘चेक-सिट’ म्हण, ‘कट्स ऑल’ हे ‘कट-सॉल’. सगळीकडे सच नसतो, हेही लक्षात घे. क, ट, प, फ नंतर स. पण ‘लोड्स’, ‘ड्रिल्स’, ‘क्लीन्स’, ‘गोज’ यांच्या शेवटी झ घुमतो. आणि ‘पासेस’, ‘फिक्सेस’मध्ये ‘इझ’ असा आख्खा तुकडा वाढतो, ‘पासिझ’, ‘फिक्सिझ’. ‘सेज’चा उच्चार ‘सेझ’, लांबवायचा नाही. देवनागरीत हे लिहून ठेवलंस तर कुणाची हरकत नसावी; माझी तर मुळीच नाही.

आता ऑडिटची तयारी. तू पाठवलेल्या वाक्यांपैकी निम्मी मी फाडून टाकली असती. ‘क्वालिटी इज व्हेरी इम्पॉर्टंट इन अवर लाइफ’ असलं काही ऑडिटरला ऐकायचं नसतं. स्टेशनवर सकाळी पहिल्यांदा काय करतोस तिथून सुरुवात कर आणि हाताने जे होतं तेच तोंडाने सांग. ‘आय क्लीन द बोअर गेज. आय सेट इट टू झिरो विथ द मास्टर रिंग. द ऑपरेटर गिव्ह्ज मी द फर्स्ट पीस. आय मेझर द बोअर. आय राइट द रीडिंग इन द रिपोर्ट. माय सुपरवायझर साइन्स इट. देन द ऑपरेटर स्टार्ट्स द बॅच.’ बघ, सातांपैकी चार वाक्यं ‘आय’ची आहेत आणि त्यांना एसची कटकटच नाही. कटकट फक्त दुसऱ्या कुणाची क्रिया आली की. सुपरवायझर आले की विशेष सावध; तुझा एस तिथेच पळतो.

‘नेहमी’ म्हणायचं असेल तर ‘ऑलवेज’ क्रियापदाच्या आधी: ‘आय ऑलवेज क्लीन द गेज.’ पण ‘इज’ असेल तर त्याच्या नंतर: ‘द गेज इज ऑलवेज क्लीन.’ ‘रोज’साठी ‘एव्हरी डे’ सरळ शेवटी टाकायचा, मध्ये ‘डेली’ कोंबायचा नाही.

यानंतर ऑडिटरचा लाडका प्रश्न येतो: ‘व्हॉट हॅपन्स इफ…?’ इथे चांगले शिकलेलेही घसरतात, कारण मराठीत ‘नो-गो आत गेला तर’ यात ‘गेला’ भूतकाळ आहे आणि कुणी ‘जाईल तर’ असंही म्हणतं. इंग्रजीत नेहमीच्या पद्धतीसाठी ‘इफ’च्या मागे साधा वर्तमानकाळच, ‘विल’ नाही, ‘वेंट’ नाही. ‘इफ द नो-गो एंड गोज इन, द होल इज ओव्हरसाइझ. आय रिजेक्ट द पीस अँड पुट इट इन द रेड बिन.’ ‘इफ द गो एंड डज नॉट गो इन, द होल इज अंडरसाइझ. द पीस गोज फॉर रीवर्क.’ आणि गेज खाली पडला तर? ‘इफ अ गेज फॉल्स, आय डोन्ट यूज इट. आय टेल माय सुपरवायझर.’ तुमच्या शॉपमध्ये प्रत्यक्षात जे करता तेच सांग. इंग्रजी जमतंय म्हणून नसलेली पद्धत सांगू नकोस, पुढचा प्रश्न ‘शो मी’ असतो.

ही वाक्यं मोबाइलवर रेकॉर्ड करून एकदा स्वतःच ऐक. लिहिलेला कागद बघून चूक सापडत नाही, कारण डोळा नसलेला एसही वाचतो; कानाला तो खोटेपणा जमत नाही. तुझ्याच शॉपमधला कुणी प्रश्न विचारायला तयार झाला तर आणखी बरं, आणि त्याने कन्नडमध्ये विचारून तू इंग्रजीत उत्तर दिलंस तरी चालेल. स्पोकन इंग्लिशच्या क्लासचे फलक उड्डाणपुलापासून गल्लीच्या तोंडापर्यंत लागलेले असतात. पैसे असतील तर जा, पण महिन्याभरात ऑडिट आहे आणि क्लासमध्ये तुला ‘माय फेव्हरिट फेस्टिव्हल’ बोलायला लावतील.

तुझ्या दोस्तांचं म्हणणं मात्र मला अजिबात मान्य नाही. मराठीत ‘जातो, जातोस, जाते, जातं, जाता, जातात’ एवढी रूपं तू पुस्तक न उघडता सांभाळतोस. वर कन्नडमध्ये ‘होगुत्तेने, होगुत्ताने, होगुत्ताळे, होगुत्तदे, होगुत्तारे’ बोलून बसचं तिकीट काढतोस. इंग्रजीत मोजून दोन रूपं आहेत, ‘गो’ आणि ‘गोज’, आणि बाई-बुवा भेदही नाही. आपल्याकडे बायकाही ‘मी येतो’ म्हणतात आणि पुण्याचे पाहुणे गालात हसतात. मी स्वतः घरी ‘जाऊन येतो गं’ म्हणूनच बाहेर पडते. इंग्रजीला ते चालतं, ‘आय गो’ सगळ्यांना सारखंच.

त्या एसचा इतिहासही ऐकण्यासारखा आहे. लंडनकडच्या इंग्रजीत पूर्वी ‘ही गोएथ’, ‘ही सेथ’ असं म्हणत. १६११ साली छापलेल्या इंग्रजी बायबलात तीच रूपं आहेत. एस होता तो इंग्लंडच्या उत्तरेकडच्या बोलीत, राजधानीपासून लांब. हळूहळू तो दक्षिणेत उतरला आणि सतराव्या शतकात प्रमाण इंग्रजी होऊन बसला. आज ज्या एसवरून तुला कमी लेखतात तो मुळात राजधानीबाहेरचा आहे. सीमाभागातल्या माणसाने एवढं तरी ध्यानात ठेवावं.

प्रत्यक्ष ऑडिटच्या दिवशी एस सुटला तर वाक्य अर्धवट टाकून मागे जाऊ नकोस. ‘सॉरी, चेक… चेक्स’ असं अडखळलं की पुढचं वाक्यही बिघडतं. तो रीडिंग ऐकतोय, तुझी परीक्षा घेत नाहीये. आणि प्रश्नच कळला नाही, तर मान हलवून ‘येस सर’ म्हणायची आपल्याकडची सवय तेवढी टाळ, कारण त्याने ‘डोन्ट यू चेक द सेकंड पीस?’ विचारलेलं असेल आणि तुझा ‘येस’ कुठल्या बाजूचा हे तुलाही ठाऊक नसेल. अशा वेळी पूर्ण वाक्यात उत्तर द्यायचं, ‘वी चेक द सेकंड पीस’ किंवा ‘वी डोन्ट चेक द सेकंड पीस’. कळलंच नसेल तर सरळ ‘सॉरी सर, आय डोन्ट अंडरस्टँड. प्लीज से इट अगेन.’ तिथेही ‘आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग’ नको.